टर्बोच्या गाडीला कोणता कॅमशाफ्ट?

“रीमॅप झालाय, डाउनपाइप बसवलाय, इंटरकूलर मोठा केलाय. आता कॅम कोणता टाकू, २६४ चा की २७२ चा?” वाचकांकडून हा प्रश्न इतक्या वेळा येतो की एकदा त्याचं सविस्तर उत्तर द्यायला हवं. विचारणाऱ्यांच्या मनात आकडा बहुतेक आधीच ठरलेला असतो आणि तो आलेला असतो कुणातरी मित्राच्या बिनटर्बोच्या, रॅलीसाठी तयार केलेल्या गाडीतून. घोळ तिथूनच सुरू होतो. बिनटर्बोच्या इंजिनात जो कॅम ताकद वाढवतो, तोच कॅम छोट्या टर्बोच्या इंजिनात बऱ्याचदा ताकद खातो. गाडी वरच्या आरपीएमला फारशी सुधारत नाही आणि खाली मात्र मरगळते. चाळीस-पन्नास हजार खर्चून गाडी आधीपेक्षा वाईट झाल्याचं सांगणारे लोक मला भेटलेत. त्यांची हळहळ ऐकवत नाही, म्हणून हा लेख.

उदाहरण म्हणून बहुतेक ठिकाणी मी जुन्या ऑक्टाव्हियाचं १.८ टर्बो इंजिन घेतलं आहे. ऑक्टाव्हिया २००१ पासून आपल्या शेंद्र्याच्या कारखान्यात जोडली जायची. तिची १५० अश्वशक्तीची आरएस आजही अनेकांनी जिवापाड सांभाळली आहे, आणि कॅमबद्दलचे सर्वांत जास्त प्रश्नही याच गाडीबद्दल येतात.

आधी ठरवा: कॅम खरंच हवा आहे का?

तुमचा टर्बो कंपनीचाच असेल, तर माझं उत्तर सरळ आहे: कॅम बदलू नका.

१.८ टर्बोचंच उदाहरण बघा. १७८१ सीसी, ८१ मिलिमीटर बोअर, ८६.४ मिलिमीटर स्ट्रोक. प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, तीन इनटेकचे आणि दोन एक्झॉस्टचे. हेडमधून हवा भरपूर जाते. १५० अश्वशक्तीच्या रूपात हे इंजिन २१० न्यूटन मीटर टॉर्क १७५० पासून ४६०० आरपीएमपर्यंत सपाट देतं. ५५००-६००० च्या पुढे दम लागतो तो हेडला नाही, छोट्या के-०३ टर्बोला. तो तेवढी हवा पुरवूच शकत नाही. मोठा कॅम व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवील, पण आत ढकलायला जादा हवा आणणार कुठून?

म्हणून पैसे या क्रमाने खर्च करा:

- आधी गाडी निरोगी करा. कॉम्प्रेशन टेस्ट, बूस्टच्या पाइपांतली गळती, कॉइल, प्लग, टायमिंग बेल्ट. माझ्या अनुभवात ‘पिकअप गेला’ म्हणणाऱ्या निम्म्या गाड्यांत एखादी फाटलेली होज निघते.
- मग इंटरकूलर. एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यात हवाच ४२-४४ अंशांवर असते. तापलेल्या हवेने इंजिन नॉक करतं, ईसीयू टायमिंग मागे घेतं आणि ताकद तिथेच जाते.
- मग डाउनपाइप आणि नीट केलेला रीमॅप.
- मग मोठा टर्बो, त्याला लागणारे इंजेक्टर आणि गरजेप्रमाणे कनेक्टिंग रॉड.
- हे सगळं झाल्यावरही डायनोच्या आलेखात वरच्या आरपीएमला बूस्ट टिकूनही टॉर्क पडत असेल, तर कॅमचा विचार करा.

‘बूस्ट टिकूनही’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. बूस्टच पडत असेल तर दोष टर्बोकडे आहे. बूस्ट टिकून टॉर्क पडत असेल, तेव्हाच श्वास हेडमध्ये किंवा कॅममध्ये अडतोय असं समजा.

कार्डवरचे आकडे कसे वाचाल

प्रत्येक कॅमबरोबर एक कार्ड येतं. येत नसेल, तर तो कॅम घेऊ नका. कार्डवर तीन गोष्टी पाहायच्या.

*ड्युरेशन.* व्हॉल्व्ह क्रँकच्या किती अंशांपर्यंत उघडा राहतो ते. इथली मोठी फसगत अशी की, एक उत्पादक व्हॉल्व्ह सीटवरून उचलल्याक्षणापासून मोजतो, दुसरा १ मिलिमीटर उचलल्यावर आणि तिसरा १.२७ मिलिमीटरवर. तोच कॅम एका पद्धतीने २६४ अंशांचा आणि दुसऱ्या पद्धतीने २३० च्या आसपासचा दिसू शकतो. दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी ‘किती लिफ्टला मोजलंय?’ हे विचाराच.

*लिफ्ट.* व्हॉल्व्ह किती मिलिमीटर उघडतो. टर्बोच्या गाडीत ड्युरेशन ताणण्यापेक्षा थोडी लिफ्ट वाढवणं बहुतेकदा सुरक्षित असतं, स्प्रिंग ती झेलत असतील तर.

*लोब सेपरेशन.* इनटेक आणि एक्झॉस्टच्या लोबांच्या शिखरांमधलं अंतर, कॅमच्या अंशांत. हे जितकं जास्त, तितका दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ, म्हणजे ओव्हरलॅप, कमी.

ओव्हरलॅप तुम्ही घरीही काढू शकता. इनटेक आणि एक्झॉस्टची ड्युरेशन मिळवा, चारने भागा, त्यातून लोब सेपरेशन वजा करा आणि आलेल्या आकड्याची दुप्पट करा.

- २७२/२७२, सेपरेशन ११० : ५४४ भागिले ४ म्हणजे १३६, वजा ११० म्हणजे २६, दुप्पट ५२ अंश.
- तेच ड्युरेशन, सेपरेशन ११४ : ४४ अंश.
- २५६/२५६, सेपरेशन ११४ : २८ अंश.

बघा, नुसतं ‘२७२ चा कॅम’ म्हटल्याने काहीच कळत नाही. पहिला आणि तिसरा कॅम रस्त्यावर दोन वेगळ्या गाड्या आहेत.

आणखी एक गोष्ट कार्डवर शोधा: इनटेक व्हॉल्व्ह कधी बंद होतो. तो उशिरा बंद झाला की खालच्या आरपीएमला आत घेतलेली हवा पिस्टन वर येताना परत बाहेर ढकलतो. बूस्ट यायच्या आधी गाडी ओढत नाही ती यामुळे. सिंहगड रोडच्या किंवा ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या गर्दीत तुम्ही दिवसभर १५०० ते ३००० आरपीएममध्येच असता. तिथे हा एक आकडा ड्युरेशनपेक्षाही जास्त जाणवतो.

टर्बोत ओव्हरलॅप का नडतो आणि मॅनिफोल्डचा दाब कसा मोजायचा

एवढीच थिअरी निर्णयाला पुरते. बिनटर्बोच्या इंजिनात बाहेर जाणारा धूर मागे ओढ निर्माण करतो आणि ओव्हरलॅपच्या वेळी ताज्या हवेला आत खेचतो. टर्बोच्या इंजिनात धुराच्या वाटेत टर्बाइन उभं असतं. टर्बाइन लहान असलं की एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधला दाब बूस्टपेक्षा जास्त होतो. अशा वेळी दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे राहिले तर जळका, तापलेला धूर उलटा सिलिंडरात आणि इनटेकमध्ये शिरतो. ताज्या हवेची जागा तो घेतो, तापमान वाढवतो, नॉकिंग वाढवतो आणि ईसीयूला टायमिंग मागे घ्यायला लावतो.

म्हणजे कॅमची निवड मॅनिफोल्ड आणि बूस्ट यांच्या दाबांच्या गुणोत्तरावर होते. आणि हे गुणोत्तर मोजता येतं! इतकं सोपं असूनही ते फार थोडे लोक मोजतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पद्धत अशी:

- एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढून टर्बाइनच्या आधीच्या भागावर एक छोटा नट वेल्ड करून घ्या. मॅनिफोल्ड गाडीवर असताना भोक पाडू नका. लोखंडाचा एक कीस टर्बाइनमध्ये गेला तरी पाती खलास.
- नटातून तांब्याची किंवा स्टीलची मीटर-दीड मीटरची नळी गुंडाळी करून बाहेर आणा, म्हणजे गेजपर्यंत येताना वायू थंड होईल. रबरी नळी शेवटच्या टप्प्यातच वापरा.
- डायनोवर पूर्ण थ्रॉटलला ३०००, ४५०० आणि ६००० आरपीएमला बूस्ट आणि मॅनिफोल्डचा दाब दोन्ही लिहून घ्या. हे काम रस्त्यावर करू नका.

आलेल्या आकड्यांवर माझा ठोकताळा असा आहे:

- मॅनिफोल्डचा दाब बूस्टच्या दीडपटीहून जास्त असेल, तर कंपनीचाच कॅम ठेवा. अडथळा टर्बाइनमध्ये आहे, तो आधी सोडवा.
- सव्वा ते दीडपट असेल, तर थोडा वाढीव कॅम चालेल. सीटपासून मोजलेलं ड्युरेशन २६० च्या आत, सेपरेशन ११२ च्या वर.
- दोन्ही दाब जवळपास सारखे असतील, तर २६४ किंवा त्यापुढे जायला वाव आहे. पण इतकं मोठं टर्बाइन उशिरा फिरतं, हे आधीच मान्य करा. रोज ऑफिसला जायच्या गाडीत मी ते सुचवणार नाही.

तुमच्या इंजिनाप्रमाणे काय करता येईल

*दोन स्वतंत्र कॅम पुल्या असलेली इंजिनं.* मित्सुबिशीचं ४जी६३ किंवा टोयोटाचं २जेझेड-जीटीई यांचे दोन्ही कॅम बेल्टवर वेगवेगळ्या पुल्यांनी फिरतात. फिरवता येणाऱ्या पुल्या बसवून सेपरेशन नंतरही बदलता येतं. आखातात किंवा ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या आपल्या वाचकांकडे अशा गाड्या असतात. त्यांनी कॅमपेक्षा आधी पुल्या घ्याव्यात आणि डायनोवर दोन-चार अंश फिरवून पाहावं. बऱ्याचदा हवं ते तिथेच मिळतं.

*१.८ टर्बो.* इथे अनेकांची फसगत होते. या इंजिनात बेल्ट फक्त एक्झॉस्ट कॅम फिरवतो. इनटेक कॅम मागच्या टोकाला छोट्या साखळीने एक्झॉस्ट कॅमला जोडलेला असतो. त्यामुळे पुढची पुली फिरवणारी लावली तरी दोन्ही कॅम एकत्रच पुढे-मागे होतात, सेपरेशन तसूभरही बदलत नाही. ते कॅम बनवतानाच ठरलेलं असतं. म्हणून या इंजिनासाठी कॅम घेताना कार्डवरचा सेपरेशनचा आकडा शेवटचा समजा.

*आजची तीन सिलिंडरची टीएसआय इंजिनं.* फोक्सवॅगन गटाच्या ईए२११ कुटुंबात कॅमशाफ्ट हेडच्या वरच्या कव्हरमध्येच कायमचे बसवलेले असतात. एकटा कॅम काढून दुसरा टाकण्याची सोय नाही, सगळं कव्हर बदलावं लागतं. शिवाय डायरेक्ट इंजेक्शन आणि बदलतं कॅम टायमिंग असलेली अनेक इंजिनं खालच्या आरपीएमला मुद्दाम ओव्हरलॅप वाढवून टर्बो लवकर फिरवतात. तेव्हा बूस्ट एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या दाबापेक्षा जास्त असतो आणि पेट्रोल एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद झाल्यावर फवारलं जातं, त्यामुळे ते जमतं. कंपनीच्या इंजिनिअरांनी केलेली ही सांगड मोडू नका.

स्प्रिंगचा हिशेब विसरू नका

स्प्रिंग फक्त जास्त आरपीएमसाठी लागतात, असा समज आहे. टर्बोत आणखी एक कारण असतं. इनटेकच्या स्ट्रोकमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद असतो. त्याच्या पाठीवर मॅनिफोल्डचा दाब, समजा ३ बार, आणि पुढे सिलिंडरात बूस्टचा दाब, समजा १.५ बार. फरक १.५ बार. ३० मिलिमीटर व्यासाच्या व्हॉल्व्हचं क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस सेंटिमीटर. म्हणजे जवळपास ११ किलोंचा जोर व्हॉल्व्हला उघडायला बघतो आणि तेवढा जोर स्प्रिंगमधून वजा होतो. जुनी, बसलेली स्प्रिंग असेल तर व्हॉल्व्ह सीटवरून उचलला जातो आणि वरच्या आरपीएमला मिसफायर येतो. लोक मग प्लग आणि कॉइल बदलत बसतात.

कॅमची लिफ्ट वाढवणार असाल, तर पूर्ण लिफ्टला स्प्रिंगचे वेटोळे एकमेकांना टेकता कामा नयेत. किमान १ मिलिमीटर मोकळीक हवी. हे मोजून घ्या, ‘बसतंय’ या शब्दावर विश्वास ठेवू नका.

नवा कॅम की घासून घेतलेला?

आपल्याकडे चांगली कारागिरी आहे. वाहन कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवणारा मोठा कारखाना सोलापुरात आहे. कोल्हापूरच्या फाउंड्र्या आणि मशिनशॉप सर्वांना ठाऊक आहेत. त्यामुळे ‘जुनाच कॅम घासून मोठा करून देतो’ असं सांगणारे भेटतात आणि दर परदेशी कॅमच्या निम्म्याहून कमी असतो. यात तीन धोके आहेत:

- घासून लोब मोठा होत नाही. खालचं गोल वर्तुळ लहान केलं जातं, म्हणून लिफ्ट वाढल्यासारखी होते. हायड्रॉलिक टॅपेट हा फरक एका मर्यादेपर्यंतच भरून काढतो. पुढे टकटक सुरू होते.
- ओतीव लोखंडी कॅमच्या लोबांवर कडक थर असतो. घासताना तो निघून गेला, तर काही हजार किलोमीटरमध्ये लोब झिजतो आणि त्याचा चुरा तेलातून टर्बोच्या बेअरिंगपर्यंत जातो.
- दोन लोबांमध्ये फरक राहिला, तर प्रत्येक सिलिंडर वेगळं वागतं.

तरीही घासूनच घ्यायचा असेल, तर प्रत्येक लोबाची लिफ्ट आणि कडकपणा मोजलेला कागद मागा. तो देणारा कारागीर चार पैसे जास्त मागत असेल, तर आनंदाने द्या.

बसवताना: गॅरेजमध्ये उभे राहा

हे काम चालू असताना तुम्ही तिथे असावं, असं मी आग्रहाने सांगतो. माझ्या एका मित्राच्या गाडीत घाईने स्टार्टर मारला आणि चार व्हॉल्व्ह वाकले. १.८ टर्बोमध्ये व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांच्या वाटेत येतात, चुकीला माफी नाही.

१. कॅमबरोबर टॅपेट नवे घ्या. बेल्ट, टेन्शनर आणि पाण्याचा पंप याच वेळी बदला.
२. व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांतलं अंतर पिस्टनवर मऊ चिकणमाती ठेवून मोजा. इनटेकला २ आणि एक्झॉस्टला अडीच मिलिमीटरपेक्षा कमी नको. हायड्रॉलिक टॅपेट दबतो आणि खोटं अंतर दाखवतो, म्हणून मोजताना हलक्या तपासणी स्प्रिंग लावायला सांगा.
३. मागच्या साखळीत दोन्ही कॅमच्या खुणांमध्ये १६ रोलर यायला हवेत. स्वतः मोजा. १५ किंवा १७ म्हणजे टायमिंग चुकलं.
४. कॅम बसल्यावर ३० मिनिटं इंजिन फिरवू नका. भरलेले टॅपेट दबून बसायला तेवढा वेळ लागतो. माझ्या मित्राच्या गाडीत नेमकी हीच अर्ध्या तासाची वाट कुणी पाहिली नाही.
५. मग पान्याने क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठेही अडलं तर जोर लावू नका, थांबा.
६. डिग्री व्हील आणि डायल गेजने कॅम कार्डप्रमाणे बसलाय का ते तपासून घ्या. खुणा जुळल्या म्हणजे टायमिंग जुळलं असं नाही.

गाडी चालू झाल्यावर आयडलला इनटेकमधला व्हॅक्यूम बघा आणि कॅम बदलण्याआधीच्या आकड्याशी ताडून पाहा. तो बराच कमी झाला असेल तर ब्रेकचा पेडल जड होतो. हा जिवाशी खेळ आहे. खंबाटकीच्या उतारावर ते कळण्यापेक्षा गॅरेजच्या दारात कळलेलं बरं. रीमॅपही नव्या कॅमप्रमाणे पुन्हा करावा लागतो. जुन्या मॅपवर गाडी पळवू नका.

कायदा, पीयूसी आणि विमा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकातल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. प्रदूषणाची मर्यादा ओलांडली तर कलम १९० खाली पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. कॅम बदलल्याने इंजिन नंबर किंवा सीसी बदलत नाही, पण एवढ्यावरून सगळं माफ आहे असं समजू नका. काम सुरू करण्याआधी तुमच्या आरटीओला लेखी विचारा.

ओव्हरलॅप वाढला की आयडलला न जळलेलं पेट्रोल बाहेर पडतं आणि पीयूसीत हायड्रोकार्बनचा आकडा वर जातो. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीचं नूतनीकरण जवळ आलं असेल, तर हे आणखी लक्षात ठेवा.

विमा कंपनीला बदल लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा. न कळवलेला बदल हे दावा नाकारायला आयतं कारण ठरतं. दावा अन्यायाने नाकारला असं वाटलं, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. एक महिन्यात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जा. तिथे शुल्क नाही. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि ठाण्यात ही कार्यालयं आहेत. गाडी वॉरंटीत असेल तर माझा सल्ला एवढाच: वॉरंटी संपेपर्यंत थांबा.

गॅरेजकडून काय लिहून घ्याल

- कॅमचं नाव, पार्ट नंबर आणि मूळ कार्ड.
- बसवलेल्या प्रत्येक सुट्या भागाची नोंद असलेलं पक्कं बिल. ‘हेड काम – एकरकमी’ असं बिल घेऊ नका.
- मोजलेली अंतरं आणि टायमिंगचे आकडे, तारखेसह.
- काढलेले सगळे जुने भाग परत. ते तुमचे आहेत.

काम निष्काळजीपणे झालं, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ तुमच्या बाजूने आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवा. तेवढ्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत अर्ज करा. तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगात तो करता येतो, वकील सक्तीचा नाही आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. तिथे तुमच्या हातात वरचे कागद असले तर प्रकरण उभं राहतं.

पहिल्या हजार किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदला. फिल्टर कापून कागद उन्हात धरा. चकाकणारे कण दिसले तर गाडी तिथेच थांबवा आणि कॅम कव्हर उघडा. आणि जुना कॅम भंगारात देऊ नका. तेल लावून, गुंडाळून, वाकणार नाही असा सपाट ठेवा, टॅपेट ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने नंबर टाकून डब्यात. नवा कॅम मानवला नाही किंवा गाडी मूळ रूपात विकायची वेळ आली, तर तोच परत बसवता येतो.